अर्धा कळप

बाबा, आज सकाळी इथं नव्या सांडांचं रक्त काढलं. मी एकेकाच्या तोंडाशी उभा होतो, एक हात वेसणीला आणि दुसरा गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला. तिथं खाजवत राहायचं आणि घशातल्या घशात हूं हूं करत राहायचं, मग केवढंही जनावर मान खाली सोडतं, सुई गेलेली त्याला कळत नाही. हे तुमचं. इथले लोक विचारतात, कुठं शिकलास? मी म्हणतो, असंच. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील, आणि एवढ्या वर्षांत मी तुमचं नाव कुठंच घेतलं नाही. ना कामावर, ना जेवताना, ना पोळ्याला. काल पहिल्यांदा घेतलं, आईपाशी, फोनवर. का घेतलं ते सांगायलाच बसलो आहे. तुम्ही जाताना आईच्या डोक्यावर एक गोष्ट ठेवून गेलात. ती खाली उतरवल्याशिवाय मला तुमच्याशी दुसरं काही बोलता येत नाही.

गुजरातेत आहे मी. त्याआधी नागपूरला हॉटेलात भांडी घासली, हैदराबादेत फरश्या बसवल्या, सुरतेत धाग्याच्या मशिनीपाशी उभा राहिलो. कुठंच मन लागलं नाही. आई म्हणते, "तुह्या पायाले भिंगरी हाय, एका ठिकाणी बूड टेकत नाई तुह्यं." शाळा तर नववीतच गेली. ती तुम्हीच सोडवली होती, आठवतं? "सांडाले माणूस पाह्यजे," एवढंच म्हणालात आणि माझी पुस्तकं माळ्यावर गेली. मग वर्षभरात तुम्हीही गेलात, सांडही विकावा लागला, आणि मी ना शाळेचा राहिलो ना सांडाचा. आता फिरून फिरून सांडापाशीच आलो. हे मोठं वीर्यकेंद्र आहे. इथं गाय नाही, एकही नाही. नुसते सांड, ओळीनं बांधलेले, वर पंखे लावलेले. त्यांचं बीज काढतात, बारीक नळ्यांत भरतात, थंड वाफा निघणाऱ्या टाक्यांत ठेवतात, आणि त्या नळ्या कुठल्या कुठल्या गावांना जातात. तुम्ही पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. "गाईचं तोंड पाह्यलं नाई आन् बाप झाला! हे कोनतं लगन बे?"

तुमच्या दारात लगन रीतसर व्हायचं. आपला पांढराशुभ्र गवळाऊ सांड, लांबट तोंडाचा, बदामासारख्या डोळ्यांचा. टेकडीपलीकडच्या गावांतून लोक गाई घेऊन यायचे, आणि तुम्ही आधी गाईला तपासायचे नाही, गाईच्या मालकाला तपासायचे. हिची माय कोणाकडची? मायचा बाप कोणता? एखाद्याला सांगता आलं नाही तर तुम्हीच सांगायचे, कारण सगळ्या पंचक्रोशीतल्या गाईंच्या माया-आज्या तुमच्या डोक्यात होत्या. एकदा एक माणूस कुरकुरत आला, गाईनं यंदाही लंगडं वासरू दिलं, विकून टाकतो म्हणाला. तुम्ही बिडी विझवून उभे राहिलात. "गाईले काऊन बोल लावतं बे? ज्या सांडापाशी नेली होती त्याले पाह्य ना आधी. गाय खराब निंगाली तं एक वासरू खराब. सांड खराब निंगाला तं पुरं गाव खराब. सांड म्हंजे अर्धा कळप असते, अर्धा!" आणि तळहात आडवा करून हवेत काप मारलात. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की सांडाला पाणी पाजतानाही ते मला ऐकू यायचं.

आणि ती थप्पड. आपल्याच सांडाची कालवड आपल्याकडे वाढत होती, शेजारच्याला दिलेल्या गाईची. ती वेळेआधीच माजावर आली आणि मी दावं सैल सोडलं, दोघं एकाच कुंपणात गेले. मला वाटलं, घरचं काम घरीच होते. तुम्ही रानातून धावत आलात, सांडाला मागं ओढलं आणि मग माझ्याकडे वळलात. कानशिलात असा आवाज झाला की छोटी, माझी पाठची बहीण, घरातून बाहेर आली. "बाप-लेक हाय ते! त्याच रक्तात तेच रक्त घालतं? लपलेली खोट राह्यते रक्तात, दोन्हीकून आली का वर येते. आंधळं नाई तं लुळं निपजन." म्हणूनच तर दर दोन-तीन वर्षांनी, लेकी वयात यायच्या आत, तुम्ही सांड बदलायचे. टेकडीपल्याडच्या माणसाला आपला द्यायचे, त्याचा आणायचे. जुना सांड जाताना डोळे पुसायचे, पण द्यायचे. ही थप्पड मी विसरलो नाही. लागली म्हणून नव्हे. एवढं ज्याला कळत होतं त्यानं पुढं जे केलं, त्यामुळे.

छोटीचं सांगतो. थंडी पडली की तिची हाडं दुखायची, पाऊस लागला की दुखायची, उन्हात पाणी कमी प्यायली तरी दुखायची. डोळे हळदीच्या पाण्यासारखे पिवळट. आई वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि तिच्या गुडघ्यांना शेकत बसायची. तुम्ही आधी म्हणालात, शाळेचा कंटाळा. मग म्हणालात, वाढीचं दुखणं. मग गिरडला नेलंत. तो दिवस मी तुमच्या बाजूनं मांडून ठेवतो, दुसरं काही मांडण्यासारखं फार नाही. दर्ग्याच्या पायऱ्या तिला चढवेनात, तुम्ही तिला खांद्यावर घेतलंत आणि एकदाही न थांबता वर गेलात. वर तिनं मातीतले ते गोल गोल दगड वेचले, तुम्ही म्हणालात, "सुपाऱ्या हायेत, आपल्या सांडाच्या लग्नाले कामी येतीन," आणि ती हसून हसून तुमच्या केसांना धरून बसली. उतरतानाही खांद्यावरच. त्या दिवशी तुम्ही चांगले होता. नसता तर मला सोपं गेलं असतं.

गिरडनं गुण आला नाही तेव्हा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात. तुम्ही, आई आणि छोटी गेलात, मी सांडापाशी राहिलो. तिथं रक्त तपासलं आणि सिकलचा आजार निघाला. हे मला तुमच्याच तोंडून कळलं, अंगणात. तुम्ही परत आलात, पाय धुतले, आणि जमलेल्या माणसांपुढं बोललात. मी कडबा टाकत होतो, हातातली पेंढी तशीच राहिली. "रिपोर्ट आला. हिच्या रक्तात हाय. हिच्या माहेरून आलं ते, पोरीले बाधलं." आई तेव्हा दारात होती, छोटीची चप्पल हातात घेऊन.  तिनं चप्पल भिंतीशी नीट जोडून ठेवली आणि आत गेली. मला तिचा राग आला होता, तुमचा नव्हे. मला वाटलं, बोलत नाही म्हणजे खरंच असेल.

तुम्हाला ठाऊक होतं का, त्या एका वाक्यानं काय झालं? आपल्या गल्लीतलं प्रत्येक लेकरू आईच्या पायावर न्हालं होतं. बाळंतिणीच्या घरून पहाटेच बोलावणं यायचं. आई पाटावर बसून पाय लांब करायची, बाळ पायावर उताणं घ्यायची, तेल, बेसन, मग ऊन पाणी, मग ओव्याची धुरी. लेकरू कितीही रडकं असो, तिच्या पायावर गप. त्या महिन्यापासून बोलावणं बंद झालं. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त समोरच्या काकूनं, जिची दोन्ही नातवंडं आईनंच न्हाऊ घातली होती, तिसऱ्या वेळी दारातूनच म्हटलं, "राहू दे माय, तुह्या हाताले काईतरी हाय म्हनते. लहान जीव हाय, भेव लागते." रक्तातलं दुखणं हाताला लागत नाही, हे कोण सांगणार? तुम्ही ओसरीवरच होता. ऐकलंत. बिडी ओढत राहिलात. आई घरात येऊन चुलीपुढं बसली आणि पाय लांब केले, नुसतेच, रिकामे. मी ते अजून पाहतो. ती बसली आहे, पायांवर काही नाही, आणि ती गुडघ्यांवरून हात फिरवते आहे.

छोटी पुढच्या हिवाळ्यात गेली. छातीत दुखतं म्हणाली, रक्त चढवलं, दोन दिवस बरी होती, मग नाही. तिच्याबद्दल एवढंच लिहितो. आणि त्यानंतरही तुम्ही ते वाक्य मागं घेतलं नाही. उलट तेराव्याला मामा आला तेव्हा त्याच्या तोंडावर पुन्हा म्हणालात. मामा बिचारा मान खाली घालून जेवला आणि देवळीची शेवटची गाडी पकडून गेला. मग तुम्ही गेलात, तुम्हीही देवळीकडूनच येताना, कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, दिवा नसलेल्या सोयाबीनच्या ट्रॉलीवर धडकून. घरात तुमचा फोटो लागला, पशुप्रदर्शनातला. तुम्ही फेटा बांधलेले, शेजारी सांड, आणि फोटोत तुमच्यापेक्षा सांडच मोठा दिसतो. आई दर अमावास्येला हार घालते तो दोघांच्या गळ्यांवरून जातो. मी एकदा म्हटलं, "सांड तं जित्ता हाय अजून, त्याले काऊन हार?" आई हसली होती. छोटी गेल्यावर तेवढीच हसलेली आठवते.

आता इथलं ऐका. इथले जनावरांचे डॉक्टर कोल्हापूरकडचे आहेत, तरुण आहेत, मला नावानं हाक मारत नाहीत, 'विदर्भ' म्हणतात. "काय विदर्भ, वैरण टाकलीस का?" गेल्या वर्षी एक सांड आला होता, संकरित, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. तुम्ही विलायती म्हणून थुंकला असता, पण जनावर असं देखणं की रस्त्यानं जाणारा थांबावा. तो माझ्याकडे होता, माझ्या हूं हूंला लगेच मान सोडायचा. महिन्याभरात त्याच्या रक्ताचा निकाल आला आणि डॉक्टर म्हणाले, हा काढायचा. खच्ची करून कामाला देऊन टाकायचा. मी म्हटलं, "साहेब, याले झालं काय? सांडासारखा सांड, शिंकत पन नाई." ते म्हणाले, "याला काही झालेलं नाही. होणारही नाही. याच्या वासरांना होईल, गाय पण तशीच मिळाली तर." मला कळेना. तेव्हा मी वेसण वळत बसलो होतो. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. "किती पदर आहेत याला?" दोन, मी म्हटलं. "एक आईनं दिला, एक बापानं. एक पदर कुजका असला तरी वेसण धरते ना? दिसतं का बाहेरून? नाही. तसा हा. पण पुढं पोराला देताना दोनातला एकच पदर द्यायचा असतो. यानं कुजका दिला आणि गाईनंही कुजका दिला, तर त्या वासराची वेसण दोन्हीकडून कुजकी. तुटणार."

मी म्हटलं, दोन्हीकून? ते म्हणाले, "दोन्हीकडून. एकट्या आईनं होत नाही, एकट्या बापानं होत नाही." मग मी विचारलं, "आन् सिकल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तसंच. अगदी तसंच. का रे, घरात आहे कोणाला?" मी छोटीचं सांगितलं. ते तिथंच ढेपेच्या पोत्यावर बसले आणि त्यांनी मला पुढचं सांगितलं, मला जेवढं समजलं तेवढं लिहितो. तो पदर म्हणजे खरं तर लिहिलेली ओळ आहे. बाराखडी चारच अक्षरांची, पण ओळ एवढी लांब की जन्मभर वाचली तरी संपणार नाही. अंगातल्या प्रत्येक कणात ती गुंडाळून ठेवलेली असते, आणि रक्त कसं करायचं, हाड कसं करायचं, सगळं तिच्यात वाचूनच होतं. पिढ्यान्पिढ्या ती उतरवून घेतली जाते. सिकलमध्ये एका जागचं एकच अक्षर बदललेलं आहे. एकच, बाबा. त्या एका अक्षरानं रक्तातले गोल कण विळ्यासारखे वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. म्हणून हाडं दुखतात. म्हणजे आई वीट तापवून शेकायची तेव्हा आत विळे अडकलेले होते. मी विचारलं, चूक कोणाची? ते म्हणाले, "कोणाची नाही. उतरवून घेताना कधीतरी हात घसरतो." मी म्हटलं, मग असली खोट टिकली कशी, वाईट बियाणं तर मरून जातं. तेव्हा ते हसले, "लेका, तू बरा प्रश्न विचारलास. ज्याच्याकडे एकच कुजका पदर असतो ना, त्याला हिवताप सहजासहजी मारत नाही. तुमच्याकडं जंगल होतं, हिवताप होता. त्यामुळेच तुमचे कितीतरी वाडवडील जगले." मी त्या दिवशी दिवसभर वैरण टाकत होतो आणि डोक्यात एवढंच, की ज्यामुळे आपण आहोत त्यामुळेच छोटी नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्यांच्या सांडाला गाडीत चढवला. मीच चढवला. कोणी त्याला शिवी दिली नाही. त्याची आई कुठल्या गोठ्यात आहे, तिच्या माहेरचं काय, कोणी विचारलं नाही. इथं रीतच अशी आहे की रक्त आधी सांडाचं घेतात. का, तर सांड म्हणजे अर्धा कळप. तुमचं वाक्य तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसांनी इथं रोज पाळायचं, आणि तुम्ही तुमच्याच अंगणात पाळलं नाही. आणि तेव्हाच दुसरं डोक्यात आलं. छोटीला दोन्हीकडून आलं. आईकडून आलं ते तिच्या माहेरचं, ठीक. पण तुमच्याकडून आलं ते कुठलं? आई तुमच्या सख्ख्या मामाची पोरगी. तिचं माहेर म्हणजे तुमचं आजोळ. त्याच घरातली तुमची माय, त्याच घरातून आणलेली तुमची बायको. ज्या घरातल्या रक्ताला तुम्ही अंगणात उभं राहून नाव ठेवलंत, त्याच रक्ताचं दूध पिऊन तुम्ही वाढलात. कालवडीसाठी मला थप्पड मारणारा माणूस! सांड टेकडीपल्याड पाठवायचं कळत होतं, स्वतःची पाळी आली तेव्हा 'मामाची पोरगी घरातच राह्यते' म्हणून गुलाल उधळला. आपल्याकडे सगळेच करतात, हे मला माहीत आहे. सगळ्यांना सांडाचं कळत नाही, बाबा. तुम्हाला कळत होतं.

आणि आता तीच पाळी माझ्यावर. दिवाळीपासून आईनं लावून धरलं होतं, मामा पोरगी द्यायला तयार आहे, तिसऱ्यांदा त्याच घरातली. खोटं कशाला बोलू, मला ती आवडते. देवळीला कपड्याच्या दुकानात कामाला आहे, जिभेला हाड नाही, गिऱ्हाइकाला आणि मला एकाच सुरात झापते. मी आईला म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासू. आईनं मामाला सांगितलं आणि मामाचा फोन आला, "काय रे, सांड पाहून राह्यला काय तू? माह्या पोरीले दावणीले उभी करतं? तुह्या बापानं आमच्या घराले नाव ठेवलं, आता तू ठेव."  इथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन माझं रक्त देऊन आलो. निघालं. एक पदर. मी वाहक आहे, मला काही होणार नाही, त्या ठिपक्यांच्या सांडासारखाच. ज्या डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला त्यांना मी एकच विचारलं, हे आईकडून आलं की बापाकडून? त्या म्हणाल्या, ते आता सांगता येणार नाही, बहिणीला आजार होता म्हणजे दोघांकडेही सारखंच असणार.

मग मामाच्या पोरीचा स्वतःचाच फोन आला, दुकानाच्या मागून, गाड्यांच्या आवाजात. "ऐक. माह्यं कॉलेजच्या कॅम्पातच निंगालं होतं. अर्धं हाय. बाबानं म्हतलं, कोणाले सांगू नको, लगन जमनार नाई. तुह्यं?" मी म्हटलं, माह्यंबी अर्धं. ती म्हणाली, "म्हंजे लेकरू झालं तं..." मी म्हटलं, दर खेपेला चारातलं एक, छोटीसारखं. प्रत्येक वेळी नवा डाव. ती म्हणाली, "मंग नाई जमत." नाही जमत, मी म्हटलं. "बरं झालं. मले तसंबी तुह्या शेणाच्या वासात यायचं नव्हतं." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "छोटीले मी पानी पाजलं होतं शेवटी. तुले मालूम नसन." मला माहीत नव्हतं. तुम्हाला तुमच्या मामाची पोरगी मिळाली, बाबा. ती मिळाली आणि वर तिला बोलही लावता आला. मला माझ्या मामाची पोरगी खरं बोलली म्हणून मिळाली नाही. यात कोणाचं नशीब चांगलं, तुम्हीच ठरवा.

काल मी आईला फोन केला. म्हटलं, लग्न होत नाही, दोघांकडे आहे. ती रडेल असं वाटलं होतं, ती नुसतं "बरं" म्हणाली. तेव्हा मला राहवलं नाही. मी तिला वेसणीचं सगळं सांगितलं, दोन पदर, एक आईचा, एक बापाचा. म्हटलं, आई, छोटीचं तुह्या एकटीकून होऊच शकत नाई, बाबाकूनबी आलं होतं, मी आता गावात येऊन सगळ्यायले सांगतो. आणि आई म्हणाली, "मले मालूम हाय."

मी विचारलं, कधीपासून? "तवापासून. सावंगीले दोघायले रक्त द्या म्हतलं होतं. मी हात पुढं केला. हे म्हणे, चहा पिऊन येतो. गेले ते आलेच नाईत. डॉक्टरीण पोट्टीच होती, तिनं माह्या हात धरून सांगतलं, बाई, दोघाकून आल्याबिगर असं होत नाई." मी ओरडलोच. मग बोलली काऊन नाई? आई म्हणाली, "बोलली असती तं काय झालं असतं? सांडवाल्याच्याच रक्तात खोट हाय म्हतलं असतं लोकायनं. लोकायले सांड अन् सांडवाला येगळा दिसते काय? आपल्या दारी गाय आणली असती कोणी? मंग खाल्लं काय असतं आपण? त्या सांडावरच तं घर होतं, अन् छोटीचं औषध." मी विचारलं, बाबाले मालूम होतं? ती म्हणाली, "चहा प्याले केवढाक टाइम लागते? मालूम नसतं तं लवकर आले असते."

म्हणजे हे असं. तुमच्या सांडाची अब्रू राहावी म्हणून आईनं आपली दिली. तुम्ही मागितलीही नाहीत, तिनं न मागता दिली, आणि तुम्ही घेतलीत, आणि तिसऱ्या बाळाला न्हाऊ घालायला गेलेली ती दारातूनच परत आली तेव्हा बिडी ओढत राहिलात. मी इतकी वर्षं समजत होतो की तुम्हाला कळत नव्हतं. अडाणी माणसाला माफ करता येतं. चहाच्या टपरीवर बसून राहिलेल्या माणसाचं काय करू? किती कप घेतलेत? समोर दवाखान्याचं फाटक दिसत असेल. ती एकटी छोटीला कडेवर घेऊन बाहेर येताना दिसली असेल. उठून तिच्या हातातून पोरगी तरी घेतलीत का? गिरडला घेतली होती. हे मी आईला विचारलं नाही. तिनं 'हो' म्हटलं असतं तरी मला विश्वास बसला नसता, आणि 'नाई' म्हटलं असतं तर मला आज हे लिहिता आलं नसतं.

मग आईनं विचारलं, हळूच, जसं कोणी ऐकत असेल, "तुह्यं एकच पदर हाय ना? तो कोणाकून आला तुले?"

मी म्हटलं, "बाबाकून."

  ती म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं?" मी म्हटलं, हो, लिहून देल्लं हाय. "मंग माह्याकून तुले काईच वाईट नाई आलं?" काईच नाई, मी म्हटलं. पलीकडे चुलीतलं लाकूड सरकवल्याचा आवाज झाला. "हळू बोल," ती म्हणाली, "ते वरतंच हायेत, फोटोत." आणि मग, थोड्या वेळानं, परवानगी मागावी तसं, जणू मी घरातला मोठा माणूस आहे: "समोरच्या काकूची थोरली नात बाळंतपनाले आली हाय. पोरगा झाला. जाऊ काय मी पाहाले?" मी म्हटलं, जा. "न्हाऊ घालतो म्हनू काय?" मी म्हटलं, म्हन. काकू काय म्हणेल मला माहीत नाही. तिला मी खरं सांगायला जाणारच आहे, पण आज पहाटे आई उठली असेल, पदर खोचला असेल आणि अंगण ओलांडलं असेल, एवढं तरी झालं असेल.

हा कागद घरी नेणार नाही. फोटोपुढं वाचायला तर नाहीच, आईनं हळू बोल म्हटलं आहे. इथंच ढेपेच्या पोत्याखाली राहील, ओला होऊन जाईल. एवढंच कबूल करतो. आईपाशी मी खोटं बोललो. तो पदर तुमचाच, असं कोणी लिहून दिलेलं नाही. मी म्हणतो की आईसाठी बोललो, आणि ते खरंही आहे. पण आज सकाळी नव्या सांडाच्या गळ्याखाली हात घातला, घशातून तो हूं हूं निघाला, तुमचा, अगदी तुमच्याच आवाजातला, आणि जनावरानं मान सोडली, तेव्हा मला कळलं की तुमचं नाव घेताना मी अडखळलो नव्हतो. तो पदर तुमच्याकडूनच आलेला असावा, असं मलाच पाहिजे होतं.